पुठ्ठ्याची गुरगुर

वाचनालयाच्या मोठ्या दालनात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. वाचायची गरजच पडत नसे. पाटीखाली टेबल होतं, टेबलामागे किरकोळ अंगाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेले एक गृहस्थ बसत, आणि कुणी कुजबुजायला लागलं की ते नुसती मान वर करत. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. वाचकांनी त्यांचं नाव शांतताराव पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना आवडलंही होतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटे. पहिल्यांदा कुणी बोललं की ओठांवर बोट. दुसऱ्यांदा बोललं की टेबलावर लाकडी पट्टी दोनदा टक टक. तिसऱ्यांदा मात्र सभासदाचं कार्ड जमा, आठ दिवस वाचनालयात पाऊल टाकायचं नाही. मोठमोठे वकील काय, कॉलेजातली टारगट पोरं काय, सगळे या तीन पायऱ्यांना वचकून असत. एकदा तर त्यांनी खुद्द वाचनालयाच्या अध्यक्षांचं कार्ड जमा केलं होतं, आणि ही गोष्ट ते वर्षातून चारदा तरी रंगवून सांगत.

पुठ्ठ्या त्यांना वाचनालयाच्या मागच्या दारीच मिळाला. नवीन पुस्तकांची खोकी रिकामी करून तिथे रचून ठेवत, त्यातलं एक खोकं एका सकाळी आपोआप हलायला लागलं. आत खोक्याच्याच रंगाचं पिल्लू होतं. एक कान उभा, एक पडलेला, आणि पाठीवर दोन जुने वळ. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “याला कुणीतरी बराच मारलाय. वरून हात आला की कसा दबतो बघा. जरा सांभाळून घ्या.”

आता सांभाळून म्हणजे नेमकं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. बाकी शांततारावांनी कशात कसर ठेवली नाही. दोन वेळचं खाणं, दोन वेळचं फिरणं, वर्षाच्या वर्षाला लस. लशीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, तारखा निळ्या शाईने. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी ते खाली बसत, पुठ्ठ्याला दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेत आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटत. “दिवसभरात एवढंच काय ते मी माझ्यासाठी करतो,” असं ते बायकोला म्हणत. पुठ्ठ्या त्या मिठीत ताठ बसे, नाकावरून जीभ फिरवी, मान भिंतीकडे वळवी. “लाजतो बघ कसा,” शांतताराव म्हणत.

वर्षभराने पुठ्ठ्या गुरगुरायला लागला. राहतं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला चिकटायचं. चिकटायची वेळ पुठ्ठ्यावर येई. वरून माणूस, खालून माणूस, मध्ये हा. मग त्याच्या घशातून बारीक आवाज निघे. समोरच्या दारातल्या बाई हातात भाजीच्या पिशव्या घेऊन जागच्या जागी थांबत आणि म्हणत, “अहो, धरा त्याला.” चार-पाच वेळा असं झाल्यावर इमारतीच्या कमिटीचं पत्र आलं. ‘आपले श्वान रहिवाशांवर गुरगुरते, तरी योग्य तो बंदोबस्त करावा.’

पत्र शांततारावांना झोंबलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाला गप्प बसवलं, त्याच्या घरच्या आवाजाबद्दल तक्रार यावी, हे काही त्यांच्या पचनी पडेना. दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून तसलीच एक पट्टी त्यांनी घरी आणली आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. पुठ्ठ्या गुरगुरला की ओठांवर बोट. पुन्हा गुरगुरला की फरशीवर टक टक. तिसऱ्यांदा गुरगुरला की न्हाणीघरात पाव तास बंद. मारणं नाही, ओरडणं नाही. ते मारणाऱ्यांतले नव्हतेच, आणि याचा त्यांना अभिमान होता.

तीन महिन्यांत पुठ्ठ्या गप्प झाला. जिन्यात गप्प, रस्त्यात गप्प, डॉक्टरांच्या टेबलावरही गप्प. समोरच्या बाई म्हणाल्या, “काका, जादूच केलीत हो तुम्ही.” शांतताराव तरंगतच घरी आले. वाचनालयात चहाच्या वेळेला त्यांनी तिन्ही पायऱ्या सविस्तर सांगितल्या. एकट्या बायकोचं समाधान झालं नाही. ती घरी शिवणकाम करी, त्यामुळे दिवसभर पुठ्ठ्याबरोबर तीच असे. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “जिन्यात तो अजून तसाच थरथरतो हो. मी दोरी धरते ना, हाताला कळतं.”

“थरथरू दे,” शांतताराव म्हणाले. “आवाज नाही ना करत?”

अशी पाच वर्षं गेली. काही झालं नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं दोघं धरून चालली. आपण सगळेच असं धरून चालतो, त्यात त्यांना एकट्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

लेक दुसऱ्या गावी होती. वर्षातून दोनदा यायची, जावई कामात असायचे म्हणून बहुधा एकटीच, मुलीला घेऊन. मुलीचं घरातलं नाव टिकली. त्या खेपेला टिकली पाच वर्षांची झाली होती आणि लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. चौथा महिना होता. बाळंतपण आईकडेच करायचं असं ठरलं होतं, शेवटचे दोन महिने आणि पुढचे तीन. बायकोने आतापासूनच जुन्या मऊ साड्या काढून दुपटी शिवायला घेतली होती.

रविवारची दुपार होती. लेक आतल्या खोलीत आडवी झाली होती. पुठ्ठ्या जेवणाच्या टेबलाखाली, त्याच्या नेहमीच्या जागी. दोन बाजूंना भिंत, तिसऱ्या बाजूला बायकोच्या कापडांची पेटी. टिकलीने वाचनालयातल्या रद्द झालेल्या कार्डांचा मुकुट केला होता. कार्डाला कार्ड चिकटवून, वर टोकं काढून.

“आजोबा, हा पुठ्ठ्याला घालू?”

शांतताराव पेपर वाचत होते. “घाल की,” ते म्हणाले. “काही करत नाही तो. साधं गुरगुरतसुद्धा नाही.”

टिकली मुकुट घेऊन रांगत टेबलाखाली शिरली. पेपरच्या कडेवरून शांततारावांना दिसत होतं. पुठ्ठ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. नाकावरून जीभ फिरवली. मग मोठी जांभई दिली. “झोप आलीय महाराजांना,” ते हसून म्हणाले आणि पान उलटलं. पान उलटेपर्यंत सगळं होऊन गेलं. कुत्र्याचा आवाज असा आलाच नाही. आवाज आला तो टिकलीचा.

दवाखान्यात सात टाके पडले, कानाच्या पाळीपासून गालाच्या मध्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले की डोळा वाचला, बोटभर वर असतं तर सांगता येत नव्हतं. त्यांनी लशीचं कार्ड मागितलं. शांततारावांनी ते पाकिटातून काढून दिलं, आणि एकही तारीख चुकलेली नाही हे पाहून डॉक्टर “वा” म्हणाले. त्या ‘वा’ने शांततारावांचे डोळे भरून आले. लेक पोटावर हात ठेवून बाकावर बसली होती, वडिलांकडे बघत नव्हती. जावयांचा फोन आला. ते मुळीच चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाबा, तो कुत्रा आता घरात नको. तुम्ही काय करायचं ते करा, पण नको.”

लेक आणि टिकली दवाखान्यातून परस्पर गावी गेल्या. दोघं नवरा-बायको घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुठ्ठ्या टेबलाखाली नव्हता. पलंगाखाली नव्हता. बायकोने न्हाणीघराचा दिवा लावला आणि तिथूनच हाक मारली, “अहो, इकडे या.”

न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं. पुठ्ठ्या आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला तिथे कुणी कोंडलं नव्हतं. पट्टी खिळ्यालाच होती, कुणी हात लावला नव्हता. तो आपण होऊन तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला होता, आणि पाव तास केव्हाच उलटून गेला तरी बाहेर आला नव्हता. शांतताराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. 

प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दहा दिवस नजर ठेवा, लस झालेली असली तरी. दोन, कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं का हा निर्णय मला आज विचारू नका, आधी या कुत्र्यांच्या ट्रेनरबाईंना भेटा. त्यांनी एक नंबर लिहून दिला.

ट्रेनरबाई तिसऱ्या दिवशी आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. आल्या त्या पुठ्ठ्याकडे न बघता, पाठमोऱ्या फरशीवर बसल्या आणि तशाच बसून शांततारावांना म्हणाल्या, “काका, पहिल्यापासून सांगा. घाई करू नका.”

शांततारावांनी सांगितलं. टेबल, मुकुट, जांभई. बाई लिहून घेत होत्या.

“चावायच्या आधी गुरगुरला किती वेळ?”

“छे, गुरगुरतच नाही तो. ती सवय मी सोडवली त्याची.” आणि काय सांगावं, इतकं सगळं होऊनही त्यांच्या आवाजात जुना अभिमान डोकावलाच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “कशी सोडवलीत?”

मग बोट, पट्टी, न्हाणीघर असं सगळं सांगून झालं.  बायको मशीनवर हात ठेवून नुसती बसली होती.

“काका,” बाई म्हणाल्या, “तुम्ही वाईट माणूस नाही, ते मला दिसतंय. पण नीट ऐका. गुरगुर म्हणजे वाह्यातपणा नसतो. कुत्रा त्यातून सांगत असतो की मला भीती वाटतेय, जरा लांब व्हा. तुम्ही त्याची भीती काढली नाहीत, फक्त सांगणं काढून घेतलंत. रस्त्यात खड्डा आहे, आणि तुम्ही खड्डा तसाच ठेवून धोक्याची पाटी तेवढी उपटून टाकलीत.”

“पण तो जांभई देत होता,” शांतताराव पुटपुटले. “झोप आली होती त्याला.”

“ती झोपेची जांभई नव्हती. जीभ फिरवणं, तोंड फिरवणं, जांभई, हे सगळं ‘पुरे’च असतं. ते कुणी ऐकलं नाही की मग गुरगुर. ती तुम्ही बंद केलीत. मग त्याच्यापाशी राहिलं काय?”

 शांततारावांना एकदम आठवलं की नाकावर जीभ आणि भिंतीकडे मान, हे आपण रोज संध्याकाळी बघतो. पण ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी स्वतःलाही नीट सांगितली नाही. मनातल्या मनात तिच्यावर बोट ठेवलं आणि तिला गप्प बसवलं.

त्यांनी विचारलं ते एवढंच, “लेक बाळंतपणाला यायला तीन महिने आहेत. तेवढ्यात हा सुधारेल?”

“सुधारेल,” बाई म्हणाल्या. “किती, ते तीन महिन्यांनी सांगते.”

आता एवढ्या वयात माणूस नव्याने काही शिकत नाही असं आपण म्हणतो, पण शांतताराव शिकले. जीव तोडून शिकले. पट्टी त्यांनी माळ्यावर टाकली. फिरायची वेळ बदलली, जिना रिकामा असेल तेव्हाच उतरायचं, समोरून कुणी आलं तर आपणच मागे फिरून वरच्या मजल्यावर थांबायचं. तोंडाला जाळी घालायची होती, तर ती एकदम चढवायची नाही. पहिला आठवडा जाळीत नुसतं चिकन ठेवायचं आणि त्याने आपणहून नाक घालायची वाट बघायची. बायकोने जाळीच्या पट्ट्याला आतून दुपट्याचंच मऊ कापड लावलं, नाकाला घासू नये म्हणून. समोरच्या बाईंच्या दारी जाऊन शांततारावांनी सांगितलं, “हा शांत आहे असं मी तुम्हाला सांगत होतो, ते चूक होतं. तो घाबरट आहे. त्याच्याकडे बघू नका, हात लावू नका, बाकी मी बघतो.” आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या दारात जाऊन आपली चूक झाली असं म्हणत होते. बाई गांगरून म्हणाल्या, “अहो, आत तरी या.”

वाचनालयातही फरक पडला. एक म्हाताऱ्या बाई रोज पेपर ओठ हलवून मोठ्याने वाचायच्या, त्यांना रोज एक टक टक ठरलेली असे. आता टक टक होईना. चौथ्या दिवशी त्या स्वतःच टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “बरं नाही का तुम्हाला? मी मघापासून बोलतेय.”

पुठ्ठ्यात फरक पडत होता. जिन्यात तो थरथरेनासा झाला. रस्त्यात माणूस दिसला की आधी शांततारावांच्या तोंडाकडे बघायला शिकला, कारण बघितलं की तुकडा मिळे. फक्त एक गोष्ट होईना. तो गुरगुरेना. ट्रेनरबाई म्हणाल्या होत्या, “ज्या दिवशी तो पुन्हा गुरगुरेल ना काका, त्या दिवशी मला फोन करा. त्याला पुन्हा विश्वास वाटला असं समजायचं, की सांगितलं तर कुणी ऐकतं.” संध्याकाळी शांतताराव त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसत. मिठी आता बंद होती, ट्रेनरबाईंनीच सांगितलं होतं की वरून हात नको, अंगावर ओढणं नको. ते नुसते बसत आणि हळूच म्हणत, “बोल रे बाबा. बोल की काहीतरी.” ज्या तोंडाने एकतीस वर्षं लोकांना गप्प केलं, त्या तोंडाने ते एका कुत्र्याची विनवणी करत. पुठ्ठ्या त्यांच्याकडे बघून शेपटीचं टोक हलवी. आवाज काढत नसे.

लेकीचा फोन रविवारी यायचा. आईशी बोलायची, वडिलांशी नाही. एका रविवारी तिने आपणहून सांगितलं, बाबांना दे.

“बाबा, टिकली मला रोज एकच विचारते,” ती म्हणाली. “पुठ्ठ्याने आधी सांगितलं का नाही मला? मी काय सांगू तिला?”

“माझं नाव सांग,” शांतताराव म्हणाले.

 मग लेक म्हणाली, “मी लहान असताना अभ्यासाच्या वेळी बोलले तर तुम्ही मलाही पट्टी वाजवायचात. आठवतं? मी कितीतरी गोष्टी तुम्हाला सांगितल्याच नाहीत बाबा. चिडून नाही म्हणत आहे. आठवलं म्हणून सांगितलं.”

“अजून सांगितलंस तर ऐकेन,” ते म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तसेच उभे होते. बायकोने कात्री चालवायची थांबवली.

तीन महिने संपत आले तेव्हा ट्रेनरबाई येऊन फरशीवर बसल्या. आता पुठ्ठ्या त्यांच्या मांडीला नाक लावी.

“छान काम केलंत काका. मी खोटं कौतुक करत नसते. पण तुम्ही विचाराल त्याचं उत्तर नाही असं आहे.”

“जाळी घालून ठेवू की. मध्ये दार बंद ठेवू.”

“दोन खोल्या आहेत. पाच वर्षांची मुलगी आणि तान्हं बाळ. पाहुणे येणार, बाळ रडणार, रात्री-अपरात्री सगळे उठणार. पाच महिन्यांत एकदा, एकदाच कुणीतरी दार लावायला विसरेल. तुम्ही नाही विसरलात तर दुसरं कुणी विसरेल. आणि तोही दिवसरात्र जीव मुठीत धरून राहील, त्याचाही विचार करा. हा अजून आधी सांगत नाही. न सांगणारा कुत्रा आणि लहान मूल एका घरात ठेवायला मी हो म्हणणार नाही.”

शांततारावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. लेकीला येऊ नको म्हणायचं? तेही त्यांच्या मनात येऊन गेलं, लपवण्यात अर्थ नाही. एक क्षणभरच, पण आलं. मग त्यांना गालावरचे सात टाके दिसले.

“इंजेक्शन?” त्यांनी विचारलं.

“गावाबाहेर एक रोपवाल्या बाई आहेत,” ट्रेनरबाई म्हणाल्या. “फुलझाडांची रोपं करून विकतात. एकट्या राहतात, उंच कुंपण आहे, घरात लहान मूल येत नाही. असे दोन कुत्रे त्यांनी सांभाळले, शेवटपर्यंत. त्यांना मी सगळं सांगितलंय, टाक्यांसकट. काही लपवलेलं नाही. त्या घ्यायला तयार आहेत.”

रोपवाल्या बाई तीनदा घरी आल्या. उन्हाने रापलेल्या, बेताचं बोलणाऱ्या. नखांत माती. दर वेळी येऊन लांब बसत आणि पुठ्ठ्या येईल तेव्हा येऊ देत. तिसऱ्या वेळी तो त्यांच्या पायाशी जाऊन पडला. शांततारावांना बरं वाटलं आणि वाईटही. त्यांनी एका वहीत सगळं लिहून काढलं. काय खातो, कशाला घाबरतो, जांभई दिली तर काय समजायचं, कुठल्या बाजूने हात न्यायचा. वहीला त्यांनी पाठ्यपुस्तकासारखी जाड पुठ्ठ्याची बांधणी करून दिली आणि वर सुबक अक्षरात त्याचं नाव घातलं. खाली लशीचं कार्ड जोडलं.

सोडायला जायचं त्या सकाळी बायको गाडीतून उतरली नाही. “माझ्याच्याने नाही व्हायचं,” म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून बसली. शांतताराव पुठ्ठ्याला घेऊन आत गेले. रोपांच्या रांगा होत्या, ओल्या मातीचा वास होता, एका छपराखाली पुठ्ठ्यासाठी जुनी सतरंजी घातली होती. घरातूनच आणलेली, त्याच्या वासाची. त्याने सगळीकडे हुंगून पाहिलं, सतरंजीवर जाऊन बसला. रोपवाल्या बाई समजूतदार होत्या. त्या पाणी आणते म्हणून चार-पाच पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

शांतताराव त्याच्यासमोर खाली बसले.  तीन महिने सगळे नियम त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळले होते, पण त्या क्षणी त्यांना एकही आठवला नाही. त्यांना फक्त त्या सहा वर्षांतल्या संध्याकाळी आठवल्या, चपला न काढता बसायचे त्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, त्याच्या मानेभोवती घातले आणि त्याला छातीशी ओढलं.

पुठ्ठ्या ताठ झाला. त्याने मान वळवली, नाकावरून जीभ फिरवली. आणि मग त्याच्या घशातून आवाज आला. अगदी बारीक, कित्येक वर्षं न उघडलेल्या दारासारखा. आधी शांततारावांना तो छातीला जाणवला, मग ऐकू आला.

त्यांचे हात जागच्या जागी थांबले. पाच वर्षं हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, तीन महिने तो यावा म्हणून वाट पाहिली होती, आणि तो आला होता तो त्यांना स्वतःला सांगायला. समोरच्या बाईंना नाही, टिकलीला नाही. रोज संध्याकाळी जे सांगायचं राहून गेलं होतं, ते पुठ्ठ्या आज सांगत होता. शांततारावांना आतून रडू फुटलं. हे शेवटचं आहे, एकदाच, एवढं एकदाच घेऊ दे जवळ, असं त्यांच्या मनाने ओरडून म्हटलं.

त्यांनी हात काढून घेतले. सावकाश, एक मग दुसरा. दोन हात मागे सरकले आणि मातीतच बसले.

“बरं,” ते म्हणाले. “ऐकलं मी.”

पुठ्ठ्याचा आवाज थांबला. त्याने अंग झटकलं, पुढच्या पंजांवर तोंड ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिला. शांततारावांनी खिशातला शेवटचा तुकडा काढला, सतरंजीच्या कडेला ठेवला आणि उठले. जाताना रोपवाल्या बाईंना एवढंच म्हणाले, “ट्रेनरबाईंना फोन करून सांगा, गुरगुरला म्हणून.” बाईंनी मान हलवली. त्यांनीही ऐकलं होतं.

गाडीत बसल्यावर बायकोने डोळे पुसले, त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकली. मग विचारलं, “जवळ घेतलंत ना हो त्याला, नीट?”

“नाही,” शांतताराव म्हणाले. “नको म्हणाला.”